गोगलगायीचा वेग

मका घरात आला आणि आभाळ फिरलं.

शेतात उभा होता तोवर काय ऊन होतं! कणसांची सालपटं वाळून कडकड वाजत होती. तोडला, सोलला, दाणे काढून पोती भरली, ओसरीवर एकावर एक रचली, आणि ढगांनी जे ठाण मांडलं ते हलायचं नाव घेईनात. पाऊस धड पडेना, ऊन धड पडेना. नुसती भुरभुर. खळ्यात चिखल असा, की पाऊल उचललं तर माणूस पुढे जायचं आणि चप्पल मागे राहायची.

एका सकाळी सासूने पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर दाणे बाहेर काढले. नाकाशी धरले.

"उबायला लागला," ती म्हणाली. "गरम लागतोय हाताला. अजून थोडे दिवस असाच राहिला तर कोंब फुटतील. मग बसा ओसरीवरच नांगर धरून."

सुनेने हात पुढे केला. सासूने दाणे तिच्या तळहातावर ओतले. खरंच गरम होते. तापलेल्या पोराच्या कपाळासारखे.

सासरे खांबाला टेकून बसले होते. त्यांनी दाण्यांकडे बघितलं नाही. अंगणाच्या पलीकडे बघत म्हणाले, "उद्यापासून आपणही रस्त्यावर पसरू."

सुनेने दाणे परत पोत्यात टाकले आणि हात लुगड्याला पुसला. एकदा, मग पुन्हा एकदा, जसं काही लागलंच होतं हाताला.

गावात कोरडी जागा एकच होती, ती म्हणजे रस्ता. गावाच्या अंगावरून गेलेला, रुंद, काळाभोर. ढग जरा कुठे फाटले की सगळ्यात आधी तोच तापायचा, आणि गाड्यांच्या वाऱ्याने वरचेवर दाणे सुकायचे. म्हणून हंगाम आला की सगळं गाव अर्ध्या रस्त्यावर मका पसरायचं. पिवळाधमक पट्टाच्या पट्टा! लांबून बघावं तर कुणी रस्त्याला किनार लावली असं वाटायचं. पट्ट्याच्या कडेने दगड मांडायचे, चांगले डोक्याएवढे, म्हणजे गाडीचं चाक दाण्यांवर येत नाही.

संध्याकाळी दाणे गोळा करून घरी न्यायचे. दगड मात्र तिथेच ठेवायचे. याला गावात 'जागा धरणं' म्हणत. दगड उचलला म्हणजे जागा सोडली. मग सकाळी तिथे दुसऱ्याचा मका दिसला तर भांडायला तोंड नाही. एकवेळ बांधावरून तडजोड होईल, पण दगडाला कुणी हात लावायचा नाही, असा नियमच होता. कुणी केला, कधी केला, कुणास ठाऊक. रस्ता आला तेव्हाच नियमही आला असावा.

गेल्या हंगामात याच रस्त्यावर, मोरीजवळच्या वळणावर, सुनेचा नवरा गेला.

*

त्याला सगळे गोगलगाय म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तोही ओ देत असे.

गोठ्यातलं दूध तो मोपेडवरून डेअरीत पोचवायचा. दोन्ही बाजूंना दोन कॅन, मध्ये हा, आणि मोपेड अशी चालायची की तिला पोचायचंय की नाही हेच कळू नये. सायकलवरची पोरं घंटी वाजवत पुढे जायची. शेजारचा मिशीवाला, ज्याला गाव नुसतं 'मिशा' म्हणायचं, त्याचं शेत रस्त्याला लागूनच. तो बांधावरून ओरडायचा, "अरे, पुढे दोन शिंगं लाव त्या गाडीला, म्हणजे पुरती गोगलगाय होईल!"

"दूध डचमळतं हो काका," हा हसत सांगायचा. "लोणी निघालं तर डेअरीवाला परत पाठवतो."

"अरे पण येताना तर कॅन रिकामे असतात ना?"

"सवय झालीय आता."

लग्नानंतर सुनेला त्याच्यामागे बसायची लाज वाटायची. एकदा तर चढावर ती वैतागून उतरली आणि चालत निघाली. वर पोचून, झाडाखाली बसून, पदराने वारा घेऊन झाला, तेव्हा कुठे हा फटफटत वर आला. म्हणाला, "थांबलीस का? बस की." तिला हसू आवरेना. नंतर कितीतरी दिवस ती मुद्दाम त्या चढावर उतरायची. तोही मुद्दाम आणखी हळू यायचा.

असा माणूस. आणि तो गेला तेव्हा पोलिसांच्या कागदावर कारण पडलं, भरधाव वेग.

मेल्यावर त्याला वेग आला. पहिल्या दिवशी लोक म्हणाले, जरा जोरातच होता म्हणे. दोन-चार दिवसांनी 'म्हणे' गळालं. मग तो वाऱ्यासारखा येत होता. मग बाणासारखा. बैठकीला आलेल्या एका पाहुण्याने तर विमानच केलं त्याचं. सून आतून ऐकायची. तिला वाटायचं, बाहेर हे दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत. कुणा परक्या माणसाच्या बैठकीला आपल्याला चुकून आणून बसवलंय.

एकदा गोठ्यात तिने सासऱ्यांना विचारलंही, "मामंजी, ते कधी जोरात गेले होते का हो?"

सासऱ्यांनी धार काढता काढता मान वळवली नाही. "वेळ आली की जातं माणूस जोरात," ते म्हणाले, आणि बादली घेऊन उठले. म्हशीच्या सडात अजून दूध होतं.

त्यानंतर घरात त्याचा वेग हा विषयच राहिला नाही. त्याचं नावही हळूहळू कमी होत गेलं. सासू त्याला 'तो' म्हणायची, सासरे काहीच म्हणायचे नाहीत, आणि सुनेला कुणापाशी म्हणायचं हेच कळायचं नाही.

*

दुसऱ्या दिवशी पोती बैलगाडीत घालून तिघं रस्त्यावर गेली. चांगल्या जागा कधीच धरल्या गेल्या होत्या. रिकामा उरला होता तो वळणाजवळचा तुकडा, मोरीला लागून. तिथे या हंगामात कुणी पसरलं नव्हतं. का नव्हतं, हे कुणी बोललं नाही. सासऱ्यांनी बैल थांबवले.

"इथं?" सासू म्हणाली.

"मग कुठं? दुसरी दाखव."

पोती सोडली. दाणे ओतले. सून दंताळ्याने पसरत पुढे सरकली. ओले दाणे चिकटून गोळे झाले होते, ते ती पायाने फोडायची. काळ्या डांबराची ऊब तळव्यांना लागत होती. मोरीच्या कठड्याकडे तिने पाठ केली आणि दिवसभर तशीच राहिली. दाणे फिरवायला वळायची वेळ आली की पाय मागे टाकत, उलटी चालत जायची. मिशाची बायको हे बघून दुसरीच्या कानाला लागली.

गाड्या येत. हॉर्न मारत. ट्रक गेला की धुरळ्याचा लोट अंगावर आणि दाण्यांची एक लाट कडेला. सासू झाडू घेऊन धावायची, एकेक दाणा आत लोटायची. तिची कंबर एकदा वाकली की लवकर सरळ होत नसे. मग ती तशीच वाकलेली, मान तेवढी वर करून, येणाऱ्या गाडीला हात दाखवायची. एका मोटारीतल्या पोराने खिडकीतून तिची नक्कल केली. आतली सगळी हसली. सासूला दिसलं. तिने झाडू खाली ठेवला, पदर सारखा केला, आणि पुन्हा झाडू उचलला.

दुपारी ढग फाटले, बऱ्यापैकी ऊन पडलं. दाणे वाजायला लागले. मुठीत घेऊन हलवले की खुळखुळ. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सासूच्या तोंडावर जरा तकाकी आली. "अजून एक-दोन उन्हं मिळाली की सुटलो," ती म्हणाली.

कलत्या उन्हात दाणे ओढले, घमेल्यांनी पोत्यात भरले. सासऱ्यांनी बैल जुंपले. सून मागे राहिली. तिने कडेचा एक दगड उचलला, पोटाशी धरून नेला आणि खाली नाल्यात टाकला. मग दुसरा.

"ए! काय करतेस?"

"उचलतेय, मामंजी. आता अंधारून येईल."

"राहू दे. जागा जाईल."

"गेली तर गेली."

"मका ओलाय अजून! घरी काय करायचं त्याचं, उशाला घ्यायचा?" सासरे जवळ आले. आजूबाजूच्या पट्ट्यांवरची माणसं पोती बांधता बांधता थांबली होती. सासऱ्यांनी तिच्या हातातला तिसरा दगड काढून घेतला. ओढूनच घेतला, तिचं बोट खरचटलं. तो त्यांनी होता तिथे ठेवला. मग स्वतः नाल्यात उतरले, चिखलातून पहिले दोन दगड वर आणले आणि तेही ठेवले, ओळीत, नीट. सगळ्यांदेखत.

"चला," ते म्हणाले.

सून बैलगाडीत बसली नाही. "मी येते मागून," म्हणाली, आणि मोरीच्या कठड्यावर, ज्याच्याकडे दिवसभर बघितलं नव्हतं, त्याच्यावरच जाऊन बसली. गाडी आली की उठायची, पदर हातात धरून हलवायची. दगड दिसावेत म्हणून. गाडीवाल्यांना काही कळत नव्हतं. एकाने लिफ्ट हवीय का म्हणून विचारलं. एकाने नको ते विचारलं.

*

दिवे लागायच्या सुमाराला चुलत जाऊ आली. तिला गाव रेडिओ म्हणायचं. बटण एकदा फिरलं की बंद व्हायचं नाही. पण मनाची मऊ. ती सुनेला शोधतच आली होती.

"अगं बाई, इथं काय बसलीस भुतासारखी? काकू घरी वाट बघतायत. ऊठ."

"दगड आहेत, ताई."

"आहेत तर आहेत. सगळ्यांचेच आहेत."

"म्हणूनच."

रेडिओ तिच्याशेजारी बसली. तिला गप्प बसवत नव्हतं. थोडा वेळ ढगांवर बोलली, मक्यावर बोलली, मिशाच्या बायकोच्या गुडघ्यावर बोलली. मग म्हणाली, "त्यांचं काय वाईट वाटून घेऊ नकोस हो. काकांचं. तुझ्या हातातनं दगड ओढून घेतला म्हणे. त्यांच्याही मनात काय काय असेल. त्या दिवसापासून माणूस अर्धा झालाय. आधी दगड उचला म्हणून ओरडले ते, तर त्यांना काय माहीत..."

ती थांबली. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

"काय म्हणून ओरडले?"

"काही नाही गं."

"ताई."

"अगं, अंधारून आलं होतं. धाडकन आवाज झाला. सगळे धावलो. कुणीतरी पालथं पडलेलं, गाडी नाल्यात. काकांना वाटलं, आता पोलीस येणार, दगड बघणार, सगळ्या गावावर केस होणार. आदल्या साली पलीकडच्या गावात झालीच होती ना. म्हणून ते म्हणाले, आधी दगड उचला. सगळ्यांनीच उचलले. मी पण उचलला एक. मग काकांनी त्याला उताणं केलं आणि..." रेडिओने पदर तोंडाला लावला. "नवा रेनकोट होता गं अंगावर. त्याच दिवशी घेतलेला. कोण ओळखणार?"

सून रस्त्याकडे बघत होती.

"तेव्हा होते ते? जिवंत?"

"मला काय कळतंय..."

"ताई, होते का?"

"हात हलत होता," रेडिओ म्हणाली. "पण अगं, कितीसा वेळ! दगड उचलायला कितीसा वेळ लागतो!"

रेडिओने तिला दंडाला धरून उठवलं, घरापर्यंत आणलं.

त्या दिवशी सुनेने सासऱ्यांना ताट वाढलं. रोजच्यासारखंच वाढलं. फक्त त्यांचे हात बघत राहिली. जाड, नखांत माती गेलेले, घास मोडणारे. या हातांनी आधी काय उचललं, नि मग काय.

*

दुसऱ्या दिवशी उन्हाने कृपा केली. मका पसरून झाला तोच रस्त्याच्या खात्याची जीप येऊन थांबली. आतून एक साहेब उतरले, आणि त्यांच्यामागे रंगाचे डबे घेऊन पेंटर. वळणावर फलक लावायचा होता. लोखंडी पाट्या नि खांब जीपमध्येच होते.

साहेब उत्साही होते. नुसता फलक ठोकून जाणारे नव्हते. "सगळे या, या इकडे!" त्यांनी टाळ्या वाजवल्या. "दरवर्षी रस्त्यावर किती माणसं मरतात, आहे कल्पना? लढायांत मरत नाहीत तेवढी. आणि कारणं ठरलेली असतात. कोण सांगेल कारणं?"

दंताळी टेकवून माणसं गोळा झाली. शाळेत बसवल्यासारखी झाली.

"दारू!" एक म्हणाला.

"बरोब्बर."

"तू सांगू नकोस बाबा, तू तर पायी चालतानाही धडकतोस." सगळे हसले.

"चालवताना मोबाईल."

"शाब्बास. आणखी?"

"झोप, साहेब. ट्रकवाले झोपतात चक्क."

"उलट्या बाजूने येतात."

"हेल्मेट घालत नाहीत."

"आणि सगळ्यात मोठं कारण?" साहेबांनी हात वर केला.

"वेग!" मिशा म्हणाला. मग सगळेच म्हणाले, "वेग, वेग."

"या वळणावर अपघात झालाय ना गेल्या साली? काय कारण होतं?"

"वेगच, साहेब," मिशा म्हणाला. मग सून उभी असलेली त्याला दिसली आणि तो मिशीवरून हात फिरवू लागला.

पेंटरने खडूने पाटीवर अक्षरं आखायला घेतली होती. 'वे' झाला होता.

"दगड," सून म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता. पण रस्त्यावर त्या वेळी गाडी नव्हती.

"काय म्हणालात, बाई?"

"इथे जे गेले, ते माझे मालक. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. म्हणायचे, ते जोरात जाणाऱ्यांसाठी असतं. त्यांचं चुकलं. ते लिहा. पण वेग लिहू नका. त्यांना वेग नव्हता, सगळ्या गावाला ठाऊक आहे. ते दगडावर धडकले."

"दगड? कुठला दगड?"

साहेब उभे होते तिथून हातभर अंतरावर दगड होता. त्यांचं लक्ष नव्हतं, की होतं, कोण जाणे. माणसं दंताळ्यांच्या दांड्यांकडे बघत होती. रेडिओ ढगांकडे बघत होती. सून सासऱ्यांकडे बघत होती. आणखी एक वाक्य तिच्या तोंडात तयार होतं. ते तिने दातांमागे धरून ठेवलं. तिला ते बोलायचं नव्हतं. तिला वाटत होतं, आता मामंजी बोलतील. फक्त 'हो' म्हणतील. एवढंच पुरे.

सासरे पुढे आले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"मनावर घेऊ नका, साहेब," ते म्हणाले. "सून आहे माझी. पोरगं गेल्यापासून तिचं डोकं ठिकाणावर नाही."

सगळ्या रस्त्याने सुटकेचा श्वास टाकला. साहेब चुकचुकले, "फार वाईट," म्हणाले. पेंटरने 'वे'पुढे 'ग' काढला.

सुनेने दंताळं हळूच खाली ठेवलं आणि ती घराकडे निघाली. कुणी हाक मारली नाही. वेड्या माणसाला कुणी अडवत नाही.

*

संध्याकाळी सासू-सासरे पोती घेऊन आले. मका चांगला वाळला होता. पोती उतरवताना दाण्यांचा आवाज कोरडा, टणक येत होता. सून ओसरीच्या टोकाला बसून सुपाने फोलपटं पाखडत होती. सासू आत गेली आणि भांडी विसळत बसली.

सासरे पायरीवर बसले. चिखल वाळून त्यांच्या पोटऱ्यांवर पापुद्रे धरले होते. ते नखाने काढत राहिले.

"तुला रेडिओने सांगितलं," ते म्हणाले.

सून पाखडत होती.

"मला वाटलं, कोणी परका आहे."

सूप थांबलं.

"रेनकोट होता. तोंड खाली. आपल्यातलं कुणी असेल असं..." त्यांनी हात उघडा केला. तळहात तसाच राहिला, वर. "मला वाटलं, परका आहे."

"आणि परका असता, तर?" सून म्हणाली.

तिने ते भांडायला म्हटलं नव्हतं. खरंच विचारलं होतं. आतल्या भांड्यांचा आवाज बंद झाला होता. सासू दारात उभी होती. तिच्या हातात ओलं पातेलं होतं आणि पाणी तिच्या पावलांवर ठिबकत होतं.

"तेव्हा जिवंत होता तो?" सासूने विचारलं. "अहो, मी तुमच्याशी बोलतेय. होता?"

सासऱ्यांनी मान हलवली. हो म्हणून.

सासू ओरडेल, रडेल असं सुनेला वाटलं. सासूने पातेलं पालथं घातलं, नीट, बाकीच्यांच्या ओळीत, आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. इतकी वर्षं त्या घरात आतल्या खोलीचं दार कधी लोटलं गेलं नव्हतं. ते पुरतं बसलं नाही. कुरकुरत अर्धं उघडलं, आणि आतून कुणीतरी ते पुन्हा लोटलं.

सासरे उठले. चपला न घालता अंगण ओलांडून निघाले. सून सूप धरून बसून राहिली. तिला वाटलं, गोठ्यात जातील. ते गोठ्यावरून पुढे गेले.

सून त्यांच्यामागून गेली तेव्हा अजून थोडा उजेड होता. रस्त्यावर दाणे भरून झाले होते आणि माणसं पोत्यांवर टेकून गप्पा मारत होती. वळणावर नवा फलक चमकत होता. त्याच्या खाली सासरे वाकले होते. त्यांनी आपल्या पट्ट्याचे दगड एकेक करून नाल्यात टाकले. शेवटचा टाकला, कमरेवर हात ठेवून श्वास घेतला, आणि मग मिशाच्या दगडाला हात घातला.

"ओ!" मिशा उठलाच. "ओ दादा! तो आमचा!"

सासऱ्यांनी दगड नेऊन टाकला. परत आले, पुढचा धरला.

"अहो, आमची जागा जाईल! तुमचा वाळला म्हणून काय दुसऱ्याचा कुजवायचा?"

"माझं पोरगं हळू येत होतं," सासरे म्हणाले.

"असेल हो! पण आमची जागा..."

"माझं पोरगं हळू येत होतं." या वेळी ते सगळ्यांना ऐकू गेलं. पोत्यांवरचे उठून उभे राहिले. "नेहमीसारखं. हळू येत होतं. मी आधी दगड उचलायला लावले."

मिशा तोंड उघडून तसाच राहिला. रेडिओ दोन पावलं पुढे आली, पण नवऱ्याने तिच्याकडे बघितलं आणि ती थांबली. मग एकेक जण पोतं पाठीवर घेऊन घराकडे वळला. जाताना कुणी सासऱ्यांकडे बघितलं नाही, सुनेकडे तर नाहीच. उद्यापासून या घराशी कोण किती बोलेल, ते त्या पाठींवरूनच कळत होतं. सासरे वाकले आणि दगड उचलायला लागले. धरलेल्या जागा दूरवर, चढापर्यंत गेल्या होत्या.

सून दुसऱ्या टोकाला गेली. पदर खोचला. तिने उचललेला दगड अजून उन्हाने कोमट होता. दोघं दोन बाजूंनी उचलत राहिली. मध्ये एकदा ती सासऱ्यांच्या जवळून गेली, तेव्हा त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. ती थांबली नाही, आणि त्यांनीही वर बघितलं नाही.

शहराकडून एक मोटारसायकल आली. चालवणारा कुणी परका, मागे बायको, मध्ये पेंगलेलं पोर. वळणावर दिव्याच्या झोतात त्याला ही दोघं दिसली, हातात दगड घेऊन रस्त्याच्या कडेला उभी. त्याने वेग कमी केला.

"लाज नाही वाटत रस्त्यात दगड मांडायला?" तो ओरडला. "माणसं मरतात अशाने!"

सुनेने दगड पोटाशी आणखी घट्ट धरला. मोटारसायकल मोकळ्या रस्त्यावरून सरळ पुढे गेली, चढ चढली, आणि तिचा लाल दिवा पलीकडे उतरेपर्यंत ती बघत राहिली.